वीज : शब्द, अर्थ व पर्याय

वीज : मेघांतील विद्युत् भारांचे विसर्जन होताना आकाशात दिसणारा प्रखर प्रकाशझोत, तसेच जनित्रात निर्माण होऊन तारांतून वाहणारी शक्ती, या दोन्ही अर्थी मराठीत रूढ असलेला स्त्रीलिंगी शब्द. लक्षणेने चपळता, आकस्मिक आघात, चैतन्य व उत्तेजना हे अर्थही त्याला प्राप्त झाले आहेत. पहिला अर्थ प्राचीन असून दुसरा गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील आहे. नव्या शक्तीसाठी मराठीने नवा शब्द घडविला नाही. जुन्याच शब्दाकडे नवे कार्य सोपविले. त्यामुळे एकाच नावाखाली दोन शक्ती नांदतात आणि त्यांतील भेद बहुधा क्रियापदावरून ओळखावा लागतो. हा भेद केवळ व्याकरणाचा नसून जीवित, नुकसानभरपाई व शासकीय व्यवहार यांच्याशीही तो निगडित आहे. परभणी जिल्ह्यातील पाथरी हा तालुका या दृष्टीने लक्षणीय ठरतो. कारण तेथील राज्यव्यवहाराची भाषा फार्सी, उर्दू व मराठी अशी पालटत गेली आणि प्रत्येक भाषेने या शक्तीला आपापले नाव दिले.

व्युत्पत्ती : ‘वीज’ हा संस्कृत ‘विद्युत्’ या शब्दापासून प्राकृत ‘विज्जु’ या रूपाद्वारे आलेला तद्भव शब्द होय. ‘विद्युत्’ हा शब्द ‘द्युत्’ (चमकणे, प्रकाशणे) या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून झाला आहे. हिंदीतील ‘बिजली’ व गुजरातीतील ‘वीजळी’ हे शब्दही याच प्राकृत कुळातील आहेत. मराठीत तद्भव ‘वीज’ व तत्सम ‘विद्युत्’ अशी दोन्ही रूपे टिकून राहिली. घरात, शेतात व बाजारात ‘वीज’ आणि शास्त्रीय ग्रंथांत व शासकीय नामाभिधानांत ‘विद्युत्’ अशी त्यांची साधारण वाटणी झालेली दिसते. ‘वीजबिल’, ‘वीजजोडणी’, ‘वीजचोरी’ हे समास पहिल्या प्रकारचे, तर ‘विद्युत् प्रवाह’, ‘विद्युत् दाब’, ‘विद्युत् रोध’, ‘जलविद्युत्’ ही पदे दुसऱ्या प्रकारची आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘वीजतंत्री’ या अभ्यासक्रमाच्या नावात मात्र तद्भव शब्दालाच परिभाषेचे स्थान मिळाले आहे.

प्राचीन पर्याय : अमरकोशात विजेसाठी शंपा, शतह्रदा, ह्रादिनी, ऐरावती, क्षणप्रभा, तडित्, सौदामिनी, विद्युत्, चंचला व चपला ही नावे दिली आहेत. यांशिवाय दामिनी हे नावही काव्यात व लोकव्यवहारात प्रचलित आहे. ही नावे पाहिली असता विजेचे वेगवेगळे गुण त्यांत टिपलेले आढळतात. ‘क्षणप्रभा’ हे नाव प्रकाशाचे अल्पकालीनत्व सांगते. ‘चपला’ व ‘चंचला’ ही नावे तिची अस्थिरता दर्शवितात. ‘ह्रादिनी’ या नावात गर्जनेचा, तर ‘तडित्’ या नावात आघाताचा बोध आहे. चपला व चंचला ही लक्ष्मीचीही नावे असून स्थिर न राहणाऱ्या वैभवाची कल्पना त्यांतून सूचित होते.

तारेतील शक्तीचे नाव ठरण्याची वेळ आली तेव्हा या मालिकेतून ‘विद्युत्’ हा एकच शब्द आणि त्याचे ‘वीज’ हे तद्भव रूप पुढे आले. इतर बहुतेक नावे क्षणभंगुरत्व, चांचल्य किंवा आघात सुचविणारी होती. नव्या शक्तीचे वैशिष्ट्य याच्या नेमके उलट, म्हणजे तिचा प्रवाह अखंड व नियंत्रित असणे, हे होते. ‘विद्युत्’ या शब्दात केवळ प्रकाशण्याचा अर्थ असल्याने तो दिव्यालाही लागू पडला. शास्त्रीय परिभाषेत पुढे ‘तडित्’ हा शब्द आकाशातील विजेसाठी राखून ठेवण्यात आला व त्यावरून ‘तडिताघात’, ‘तडित् संरक्षक’ अशा संज्ञा झाल्या. एकेकाळचे समानार्थी शब्द अशा रीतीने परिभाषेत भिन्नार्थी झाले. बोलीत मात्र ही विभागणी उतरली नाही.

अन्य भाषांतील नामकरण : या शक्तीला नाव देण्याचे जगात मुख्यत्वे दोन मार्ग दिसतात. पहिला मार्ग तृणमण्याचा. तृणमणी (अंबर) घासला असता तो गवताच्या काड्या आकर्षून घेतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. या द्रव्याच्या ‘इलेक्ट्रॉन’ या ग्रीक नावावरून विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये चुंबकत्वावरील आपल्या लॅटिन ग्रंथात ‘इलेक्ट्रिकस’ हे विशेषण योजिले. ‘इलेक्ट्रिसिटी’ हे नाम टॉमस ब्राउन यांच्या १६४६ मधील ग्रंथात आढळते. अरबीतील ‘कहरबा’ हा शब्दही काडी ओढून घेणारा या अर्थाच्या, तृणमण्याच्या फार्सी नावावरून आला आहे. दुसरा मार्ग आकाशातील विजेचा. मराठी, हिंदी, गुजराती या भाषा त्या मार्गाने गेल्या. त्याचप्रमाणे आधुनिक फार्सीने ‘बर्क’ व चिनी भाषेने ‘द्येन’ हे मूळचे आकाशातील विजेचे शब्द तारेतील शक्तीसाठी स्वीकारले.

तृणमण्यातील आकर्षण व मेघातील वीज या एकाच जातीच्या घटना आहेत, हे १७५२ मध्ये प्रयोगाने दिसून आले. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी सुचविलेला प्रयोग त्या वर्षीच्या मे महिन्यात फ्रान्समधील मार्ली येथे करण्यात आला आणि मेघांखाली उभारलेल्या लोखंडी दांड्यातून ठिणग्या मिळाल्या. दुसऱ्या मार्गाने गेलेल्या भाषांतील नावात हे ऐक्य आपोआप अंतर्भूत झाले. इंग्रजीत मात्र आकाशातील वीज व तारेतील शक्ती यांसाठी आजही दोन निराळे शब्द आहेत.

फार्सी व उर्दूचा काळ : पाथरी हे गोदावरीच्या उत्तरेस वसलेले जुने गाव आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. सोळाव्या शतकात या गावासाठी निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांत संघर्ष झाला. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून पाथरीचा उल्लेख येतो. १७२४ नंतर हा प्रदेश आसफजाही राज्यात समाविष्ट झाला. या सर्व काळात दफ्तराची भाषा प्रामुख्याने फार्सी व घरची भाषा मराठी आणि दखनी अशी होती. त्यामुळे आकाशात चमकणारी ती एकच गोष्ट दफ्तरात ‘बर्क’, शेतात ‘वीज’ आणि दखनी बोलणाऱ्याच्या ओसरीवर ‘बिजली’ होती.

हैदराबाद संस्थानात १८८० नंतरच्या दशकात फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यव्यवहाराची भाषा झाली. त्याच सुमारास तारायंत्र व नंतर विजेचे दिवे हिंदुस्थानात प्रसार पावत होते. उर्दूत तारेच्या संदेशाला ‘तार बर्की’ म्हणत. मराठीने त्यातील ‘तार’ एवढाच भाग पुरेसा मानला. १९१७ मध्ये हैदराबाद येथे भाषांतर संस्था (दारुत्तर्जुमा) स्थापन झाली आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. भौतिकी, वैद्यक व अभियांत्रिकी हे विषय एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय स्तरावर शिकविण्याचा हा मोठा प्रयत्न होता. त्यासाठी हजारो पारिभाषिक संज्ञा तयार कराव्या लागल्या. वहीदुद्दीन सलीम यांचा वझ्-ए-इस्तिलाहात (१९२१) हा परिभाषानिर्मितीची तत्त्वे सांगणारा ग्रंथ याच वातावरणात लिहिला गेला. ‘बर्की’ (विद्युतीय), ‘बर्की रौ’ (विद्युत् प्रवाह) यांसारख्या संज्ञा उर्दू शास्त्रीय लेखनात स्थिर झाल्या.

‘बर्क’ या अरबी शब्दाच्या मूळ धातूचा अर्थही चमकणे असाच आहे. म्हणजे ‘विद्युत्’ व ‘बर्क’ हे भिन्न भाषाकुळांतील शब्द असूनही त्यांमागील कल्पना एकच होती. तथापि मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही शब्द सारखेच दूरचे होते. राज्य बदलले तेव्हा ‘बर्की’ जाऊन ‘विद्युत्’ आले. पण सामान्य माणसाच्या तोंडी ‘वीज’ किंवा ‘बिजली’च राहिली.

मराठी राज्यव्यवहाराचा काळ : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली व ‘विद्युत’ हा शब्द गावोगावच्या फलकांवर आला. १९६१ मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी स्थायी आयोग नेमला. १९६४ च्या अधिनियमाने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा ठरली. या काळातील परिभाषा मुख्यत्वे संस्कृतावर आधारलेली होती. ‘जनित्र’, ‘रोहित्र’, ‘धारित्र’, ‘संवाहक’, ‘प्रवर्तन’ ही पदे अशा प्रकारे प्रचारात आली. त्यांपैकी ‘रोहित्र’ हा शब्द शासकीय पत्रव्यवहारात व वृत्तपत्रांत रुळला. मात्र खेड्यात त्याला ‘डीपी’ असेच म्हणतात.

परळी वैजनाथ (जि. बीड) येथील औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये कार्यान्वित झाला आणि पाथरीच्या दक्षिणेस, गोदावरीपलीकडे, मोठ्या प्रमाणावर वीजनिर्मिती सुरू झाली. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा पाथरी तालुक्यातून जातो. कालव्याबरोबर व विहिरींबरोबर कृषिपंप आले आणि वीज हे शेतीचे साधन बनले. ती पावसावर मात्र अवलंबून राहिली. २०१३ च्या अवर्षणात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या व ग्राहकाचा संबंध ‘महावितरण’ या नावाशी आला. ‘एमएसईबी’ हे जुने आद्याक्षरी नाव मात्र लोकांच्या बोलण्यातून गेले नाही.

बोलीतील पर्याय : दैनंदिन व्यवहारात ‘वीज’ या शब्दालाही अनेक प्रतिस्पर्धी निर्माण झाले आहेत. ‘लाइट’ हा इंग्रजी शब्द प्रकाश या मूळ अर्थापुरता न राहता वीजपुरवठा या अर्थी वापरला जातो. दिवसा, दिवा लागलेला नसतानाही, ‘लाइट गेली’ असे म्हणतात. मराठवाड्यात व विदर्भात याच अर्थी ‘लाईन’ हा शब्दही ऐकू येतो. ‘वीज’, ‘विद्युत्’, ‘बिजली’ व ‘बर्क’ हे सर्व शब्द स्त्रीलिंगी आहेत. ‘लाइट’ व ‘लाईन’ हे शब्दही पुरवठा या अर्थी येथे स्त्रीलिंगीच चालतात. ‘करंट’ हा शब्द मात्र पुल्लिंगी असून त्याचा संबंध बहुधा शरीराला बसणाऱ्या धक्क्याशी असतो. पुरवठा येतो किंवा जातो तेव्हा ती ‘लाइट’ असते आणि अंगाला लागतो तेव्हा तो ‘करंट’ असतो. भारनियमनाच्या वर्षांत ‘लोडशेडिंग’ हा शब्दही घरोघरी पोहोचला. मीटर टाळून तारेवरून परस्पर वीज घेणे याला ‘आकडा टाकणे’ म्हणतात. तारेवर अडकविण्याच्या आकड्यावरून हा वाक्प्रचार झाला आहे.

उत्तेजना व चैतन्य : ‘अंगात वीज संचारणे’, ‘विजेच्या चपळाईने’, ‘अंगावर वीज कोसळणे’ या वाक्प्रचारांत विजेचे तीन गुण दिसतात : स्फुरण, वेग व आघात. यांतील वेग व आघात आकाशातील विजेवरून आले आहेत. शरीरात संचारणाऱ्या विजेच्या कल्पनेला आधुनिक विज्ञानानेही आधार दिला. लुईजी गॅल्व्हानी यांनी १७९१ मध्ये बेडकाच्या स्नायूंवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विजेमुळे मृत स्नायू आकुंचन पावतो, असे त्यांत दिसून आले. त्यानंतर युरोपीय भाषांत ‘विद्युतीय’ हे विशेषण भारावलेल्या सभेला किंवा उत्कट भावनेला लावले जाऊ लागले. मराठीत या अर्थी चैतन्य, स्फुरण, आवेश, रोमांच, चेतना, उत्तेजना हे शब्द आहेत. परंतु ते परस्परांचे पूर्ण पर्याय नाहीत. ‘चैतन्य’ टिकाऊ व हितकर असते; ‘आवेश’ येतो व ओसरतो; ‘रोमांच’ शरीरावर दिसतो; ‘उत्तेजना’ बाहेरून मिळालेल्या प्रेरणेची असते. यांतील शेवटच्या शब्दाच्या ‘उत्तेजन’ या रूपाला तांत्रिक अर्थही आहे. जनित्राच्या चुंबकी वेटोळ्यांना प्रवाह पुरवून चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्याच्या क्रियेस ‘उत्तेजन’ म्हणतात. अशा प्रकारे उत्साह व वीज या दोन्ही अर्थक्षेत्रांत वावरणारा हा एक शब्द ठरतो.

अर्थभेदाचे व्यावहारिक महत्त्व : आकाशातील विजेला अनेकवचन आहे, ‘विजा चमकतात’ असे म्हणतात. तारेतील विजेला अनेकवचन नाही. घरात कधी ‘विजा’ येत नाहीत. आकाशातील वीज लवते, चमकते, कडाडते, पडते. तारेतील वीज येते, जाते, वापरली जाते, तोडली जाते, चोरली जाते. पहिलीची क्रियापदे तिचे स्वतःचे वर्तन सांगतात; दुसरीची बहुतेक क्रियापदे माणसाने तिच्याशी केलेला व्यवहार सांगतात. ‘वीज पडून’ व ‘विजेचा धक्का लागून’ या दोन शब्दप्रयोगांत हा भेद सर्वांत तीव्र होतो. मराठवाड्यात मोसमी पावसाच्या आगमनापूर्वी व परतीच्या पावसात गडगडाटी वादळे होतात. शेतात काम करणारी माणसे व झाडाखाली बांधलेली जनावरे वीज पडून दगावतात. अशी घटना नैसर्गिक आपत्ती मानली जाते. महसूल यंत्रणा पंचनामा करते व मृताच्या वारसांना शासकीय साहाय्य मिळते. ओल्या रानात तुटलेल्या तारेचा किंवा पंपाच्या पेटीचा धक्का लागून मृत्यू झाल्यास मात्र तो विद्युत् अपघात ठरतो. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या १६१ व्या कलमात अशा अपघाताची सूचना देण्याची व चौकशीची तरतूद असून ती चौकशी विद्युत निरीक्षकाकडे येऊ शकते. धोकादायक शक्तीचा पुरवठा करणाऱ्यावर तिच्यामुळे झालेल्या हानीचे कठोर दायित्व असते, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश विद्युत मंडळ वि. शैल कुमारी (२००२) या प्रकरणात स्पष्ट केले.

पहिल्या मृत्यूस कोणी उत्तरदायी नसतो. दुसऱ्यास असू शकतो. नातेवाईक पहिला जबाब देताना ‘विजेने गेला’ एवढेच सांगतात, कारण बोलीत दोन्हींना तोच शब्द पुरतो. कागदावर ‘पडून’ लिहिले गेले की ‘लागून’, यावर पुढे कोणत्या कार्यालयाचे दार ठोठवावयाचे ते अवलंबून असते. शवचिकित्सा, घटनास्थळाची स्थिती, त्या दिवशीचे हवामान व वाहिनीवरील पुरवठ्याची नोंद यांवरून हा प्रश्न सुटू शकतो. पण त्यासाठी पहिली नोंद काळजीपूर्वक व्हावी लागते. कृषिपंपांना वीजपुरवठा आळीपाळीने दिवसा व रात्री होत आल्याने रात्री पिकाला पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला हा धोका अधिक जाणवतो. शेतीसाठी दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला.

अलीकडील घडामोड : जुन्या पर्यायांपैकी एका नावाला या धोक्यानेच नवे आयुष्य दिले आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने परिसरातील आकाशीय विजेची पूर्वसूचना मोबाइलवर देणारे ‘दामिनी’ हे अ‍ॅप विकसित केले असून २०२० च्या सुमारास ते सर्वत्र वापरात आले. काव्यात मेघाची सखी म्हणून येणारे हे नाव आता शेतकऱ्याला झाडाखालून निघून पक्क्या निवाऱ्यात जाण्याची सूचना देते. ‘आकाशीय वीज’ हा शब्दप्रयोगही शासकीय सूचनांतून व वृत्तपत्रांतून वाढत आहे. मूळचा अर्थ स्पष्ट करण्यासाठी विशेषण जोडावे लागावे, यावरून नवा अर्थच आता मुख्य झाला आहे, असे दिसते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली तेव्हा ‘वीज’ म्हणजे आकाशातील वीज, हे सांगावेही लागत नव्हते. त्यानंतरच्या काळात दफ्तराची भाषा पालटली, परिभाषा पालटली, कार्यालयांची नावे पालटली. पाथरीच्या शेतकऱ्याने दोन्ही शक्तींना दिलेले नाव मात्र एकच राहिले. त्यामुळे त्या नावापुढील क्रियापद अचूक नोंदविण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्यावर येते.